रेशनच्या पोत्यात आपले भात का नाही?

पालघर, डहाणू, विक्रमगड, वाडा या पट्ट्यात दसरा जवळ आला की हळवे भात कापणीला येते. दिवाळीच्या आसपास निमगरवे आणि त्यामागोमाग गरवे खळ्यावर येते. नेमक्या याच दिवसांत शेतकऱ्याला पैशाची सर्वांत जास्त निकड असते. खताची उधारी फेडायची असते, आवणीच्या मजुरीसाठी काढलेले हातउसने द्यायचे असतात, सण तोंडावर आलेला असतो. मग भात खळ्यावरूनच व्यापाऱ्याच्या टेम्पोत चढते. भाव तो सांगेल तो. आणि पुढच्या आषाढ-श्रावणात त्याच घरातली बाई पिशवी घेऊन रेशन दुकानाच्या रांगेत उभी असते. तिथे मिळतो तो तांदूळ परजिल्ह्यातून, कधी परराज्यातून, मालगाडीने आणि ट्रकने आलेला असतो.

ही रीत इतकी अंगवळणी पडली आहे की तिच्यात काही वावगे आहे असे कोणाला वाटेनासे झाले आहे. आम्हाला मात्र वाटते. जिल्ह्यात पिकलेले भात जिल्ह्यातच खरेदी व्हावे, जिल्ह्यातच भरडले जावे आणि जिल्ह्याच्याच रेशन दुकानांत, अंगणवाड्यांत व आश्रमशाळांत जावे, ही मागणी गावोगावच्या ग्रामसभांनी आता लावून धरली पाहिजे. त्यासाठी नवा कायदा करा असे म्हणण्याचीही गरज नाही. कायदा आहे. तो पुरता वाचायचा राहिला आहे.

अर्धाच वाचलेला कायदा

राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायदा २०१३ साली झाला आणि महाराष्ट्रात त्याची अंमलबजावणी १ फेब्रुवारी २०१४ पासून सुरू झाली. प्राधान्य कुटुंबाला माणशी महिना ५ किलो आणि अंत्योदय कुटुंबाला महिना ३५ किलो धान्य, एवढा भाग सर्वांना पाठ आहे. १ जानेवारी २०२३ पासून हे धान्य फुकट मिळू लागले आणि १ जानेवारी २०२४ पासून आणखी पाच वर्षे ते फुकटच द्यायचे असे केंद्राने ठरवले. हे चांगलेच झाले. ज्या घरात भर पावसाळ्यात चूल पेटण्याची पंचाईत, त्या घराला हे पोते म्हणजे आधार आहे. त्याला कोणी हात लावू नये.

पण याच कायद्यात ३१ वे कलम आहे आणि त्याला जोडलेली तिसरी अनुसूची आहे. तिकडे फारसे कोणी फिरकत नाही. केंद्र, राज्य आणि स्थानिक संस्था या तिघांनी टप्प्याटप्प्याने काय साधायचे ते तिच्यात सांगितले आहे. लहान व अल्पभूधारक शेतकऱ्याचे हित जपा. शेतीत, लहान सिंचनात, संशोधनात आणि विस्तारकार्यात गुंतवणूक वाढवा. मालाला परवडेल असा भाव द्या. भरड धान्यासह सर्व धान्याची खरेदी ठिकठिकाणी, विकेंद्रित पद्धतीने करा. गोदामे विखुरलेली आणि शास्त्रीय पद्धतीची बांधा. आणि आपल्या जिल्ह्याने घरात टांगून ठेवावे असे एक वाक्य त्यात आहे: अन्नधान्य पिकवणारी जमीन आणि पाणी विनाकारण दुसरीकडे वळवण्यास मनाई करा.

म्हणजे अन्नसुरक्षा हा नुसता वाटपाचा प्रश्न नाही, पिकवण्याचाही आहे, हे कायदा करणाऱ्यांना ठाऊक होते. आडातच नसेल तर पोहऱ्यात कोठून येणार? आपण पोहरा मोजत बसलो आहोत. आडाकडे पाहायला कोणाला सवड नाही.

साधा हिशेब

शाळेच्या फळ्यावर मांडता येईल असा एक हिशेब करू. एका हेक्टरात २५ क्विंटल भात आले असे धरा. सरकारी भरडाईत एक क्विंटल भाताला ६७ किलो तांदूळ धरला जातो. म्हणजे हेक्टरी १,६७५ किलो तांदूळ झाला. माणशी महिना ५ किलो म्हणजे वर्षाला ६० किलो. रेशनमध्ये गहूही असतो. तो बाजूला ठेवून सगळा तांदूळच धरला तरी एका हेक्टराच्या पिकातून सत्तावीस-अठ्ठावीस माणसांचे वर्षभराचे रेशन निघते. हजार हेक्टरांतून अठ्ठावीस हजारांच्या आसपास माणसांचे.

बियाणे आणि घरची खाणावळ शेतकऱ्याने आधी काढून ठेवायची, हे उघड आहे. तरीही बाजारात जाणारे जे भात उरते त्याचा मोठा हिस्सा इथल्याच रास्तभाव दुकानात फिरवता येईल. शिवाय भात इथेच भरडले तर कोंडा इथल्या गुराढोरांना आणि कोंबड्यांना मिळेल, तूस इथेच राहील, गिरणीवर इथल्याच पोरांना काम मिळेल. आज आपण भात विकतो तेव्हा त्याबरोबर हे सगळे फुकटात देऊन टाकतो.

हे अशक्य नाही. राज्याने स्वतः धान्य खरेदी करावे आणि राज्यातच वाटावे, ही विकेंद्रित खरेदीची पद्धत केंद्राने १९९७-९८ मध्ये आणली. तांदळासाठी महाराष्ट्र या पद्धतीत आहे. जी पद्धत राज्याला लागू पडते ती जिल्ह्याला का लागू पडू नये? भात आपल्याकडे, खाणारे आपल्याकडे, दुकाने आपल्याकडे. कमी पडतात ती गोदामे, वेळेवर हलणारा काटा आणि ते करण्याची इच्छा.

काटा केव्हा हलणार?

आपल्या आदिवासी तालुक्यांत सरकारी भातखरेदीचे काम आदिवासी विकास महामंडळाकडे आहे. १९७२ साली स्थापन झालेले हे महामंडळ आदिवासी विविध कार्यकारी संस्थांच्या, म्हणजे आपल्या ‘आविका’ संस्थांच्या मार्फत खरेदी करते. २०२५-२६ च्या खरीप हंगामासाठी साधारण भाताचा हमीभाव क्विंटलला २,३६९ रुपये ठरला होता, नागलीचा ४,८८६ रुपये. कागदावर भाव बरा आहे. पण तो भाव ज्या दिवशी हवा त्या दिवशी केंद्राला कुलूप असेल तर त्याचा उपयोग काय? भात दसऱ्याला तयार होते आणि काटा त्यानंतर कित्येक आठवड्यांनी हलतो. तोवर गरजू शेतकऱ्याचे भात गेलेले असते, आणि केंद्र उघडते तेव्हा तिथे ज्याला थांबणे परवडते त्याचाच माल येतो. बैल गेला आणि झोपा केला, अशातली ही गत.

क्विंटलला तीनशे रुपये जरी कमी मिळाले तरी वीस क्विंटल विकणाऱ्याचे सहा हजार गेले. वीटभट्टीवर किती दिवस राबले म्हणजे एवढे पैसे हाती पडतात, हे दिवाळीनंतर बिऱ्हाड पाठीला बांधून वसई-भिवंडीकडे निघणाऱ्या कुटुंबांना विचारा.

शेतकऱ्यानेही दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. पहिली ओलाव्याची. सरकारी खरेदीत भातातील ओलाव्याची मर्यादा १७ टक्के आहे. कापणी झाल्यावर चार उन्हे दाखवली नाहीत तर केंद्रावरून पोती परत येतात आणि मग ‘सरकार घेत नाही’ अशी ओरड होते. दुसरी नोंदणीची. २०२३-२४ च्या हंगामात राज्य सरकारने नोंदणी केलेल्या धान उत्पादकांना हेक्टरी २० हजार रुपये, दोन हेक्टरांच्या मर्यादेत, प्रोत्साहन म्हणून जाहीर केले. ज्याची नोंदणी नव्हती तो हात चोळत बसला. सातबाऱ्यावर पिकाची नोंद नसेल तर पुढचे सगळेच अडते. तलाठी भाऊसाहेबांनी आणि कृषी खात्याच्या माणसांनी ई-पीक पाहणी पाड्यावर जाऊन करून घ्यावी. ज्याच्याकडे चांगला फोन नाही आणि असला तर पाड्यावर रेंज नाही, त्याला ‘ॲपवर भरा’ म्हणून सांगणे म्हणजे उंटावरून शेळ्या हाकणे आहे.

वनपट्टेधारकांचा प्रश्न याहून नाजूक आहे. २००६ च्या वनहक्क कायद्याखाली आपल्या जिल्ह्यात हजारो कुटुंबांना पट्टे मिळाले. त्या जमिनीवर ते भात घेतात, नागली-वरई घेतात. त्यांच्या पट्ट्याला खरेदीच्या नोंदणीत सातबाऱ्याइतकेच वजन मिळाले पाहिजे, आणि तसे लेखी आदेश हंगामाआधी केंद्रावर लावले पाहिजेत. ऐन वेळी कारकुनाच्या मर्जीवर ते सोडू नये.

एक खुलासा करणे जरूर आहे. वाडा कोलमला २०२१ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. हे भात रेशनला घाला असे आम्ही म्हणत नाही. त्याला बाजारात मान आहे, दामही आहे. तो शेतकऱ्याला पुरता मिळावा आणि वाड्याच्या नावावर भलताच तांदूळ खपवणाऱ्यांना चाप बसावा. रेशनसाठी हवे ते जया, रत्ना, कर्जत अशा जातींचे रोजच्या खाण्याचे भात. ते पिकवणारा शेतकरी संख्येने मोठा आहे आणि त्यालाच भावाची हमी सर्वांत जास्त हवी आहे.

नागली डोंगरात, भूकही डोंगरात

जव्हार-मोखाड्याच्या वरकस जमिनीत भातापेक्षा नागली आणि वरई यांचा आधार मोठा. १९९२-९३ मध्ये जव्हार तालुक्यातील वावर-वांगणीच्या बालमृत्यूंनी सारा महाराष्ट्र हादरला होता. त्यानंतर जव्हारला अपर जिल्हाधिकाऱ्यांचे कार्यालय आले, १९९५ मध्ये नवसंजीवनी योजना आली, २०१४ च्या १ ऑगस्टला पालघर जिल्हा वेगळा झाला, २०१५ मध्ये गरोदर व स्तनदा मातांना एक वेळचा चौरस आहार देणारी अमृत आहार योजना आली. योजनांची उणीव कधी नव्हती. आणि तरीही कुपोषण हा शब्द या तालुक्यांच्या नावाला चिकटून राहिला आहे.

याचे एक कारण ताटात आहे. नागलीत कॅल्शियम भरपूर असते हे आता शहरातले डॉक्टर सांगतात आणि मुंबईच्या मॉलमध्ये नागलीची बिस्किटे पाकिटातून विकली जातात. आपल्या डोंगरातली नागली मात्र घरच्या भाकरीतून कमी होत चालली, कारण ती पिकवायला कष्ट फार आणि जवळपास घेणारा व्यापारी देईल तोच भाव. फुकट तांदूळ मिळत असताना उतारावर नागली लावायला कंबर कोण मोडणार? लोक आळशी झाले असे म्हणणे सोपे आहे. पण लोक हिशेब करतात, आणि सरकारने मांडलेला हिशेबच नागलीच्या विरुद्ध आहे.

तो बदलता येतो हे ओडिशाने दाखवले. तिथे २०१७ मध्ये भरड धान्याची मोहीम आदिवासी जिल्ह्यांपासून सुरू झाली. पुढे तिथल्या आदिवासी विकास सहकारी महामंडळाने हमीभावाने नागली खरेदी केली आणि ती रेशन दुकानांतून लोकांना दिली. केओंझर जिल्ह्यात २०२० मध्ये अंगणवाडीतल्या मुलांना नागलीचे लाडू सुरू झाले. तिथेही डोंगर आहेत, पाडे आहेत, आपल्यासारखेच महामंडळ आहे. मग मोखाड्याच्या अंगणवाडीत मोखाड्याचीच नागली का शिजू नये? अमृत आहार योजना तर गावच्या आहार समितीच्या हातून चालते. बोईसरजवळ कांबळगावला आश्रमशाळांसाठी मध्यवर्ती स्वयंपाकघर उभे राहिले होते. जिथे आश्रमशाळेची पोरे जेवतात, मग स्वयंपाक कोठेही होवो, तिथले धान्य जिल्ह्यातले असावे अशी अट ठेकापत्रात घालणे सरकारला जड नाही.

पाणी कोणाचे, जमीन कोणाची

आता त्या वाक्याकडे येऊ: जमीन आणि पाणी अन्नापासून वळवू नका.

सूर्या नदीवरचे धामणी धरण आणि कवडासचा बंधारा हे शेतीसाठी बांधले गेले. प्रकल्पाचे ठरलेले सिंचन १४,६९६ हेक्टरांचे, पालघर, डहाणू आणि विक्रमगड तालुक्यांत. पुढे त्याच पाण्यात वाटेकरी वाढत गेले. तारापूरच्या कारखान्यांना पाणी, अणुवीज केंद्राला पाणी, आणि मग मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाची प्रादेशिक योजना आली. तिच्यात रोज ४०३ दशलक्ष लिटर पाणी उचलायचे ठरले. १८५ वसई-विरारला आणि २१८ मीरा-भाईंदरला. वसई-विरार आपलेच आहे, त्याची तहान आपलीच तहान आहे. पिण्याच्या पाण्याला नाही म्हणणारा माणूस या जिल्ह्यात जन्माला आलेला नाही. पण हिशेब तर मांडू द्या. रोजचे ४०३ म्हणजे वर्षाला सुमारे १४७ दशलक्ष घनमीटर. उन्हाळी भाताच्या एका हेक्टराला हंगामात दहा हजार घनमीटर पाणी धरले तर हे पाणी १४,७०० हेक्टरांचे होते. म्हणजे कागदावर जेवढे क्षेत्र भिजायचे होते, जवळपास तेवढ्याचेच! आणि मघाच्याच हिशेबाने तेवढ्या क्षेत्रातले भात चार लाखांहून अधिक माणसांचे रेशन होते.

म्हणून आमचे म्हणणे इतकेच, की शहराला पाणी देताना शेतीच्या वाट्याचे पाणी आधी मोजून, लिहून, राखून ठेवा. कालव्याचे अस्तर दुरुस्त करा, शेवटच्या टोकाच्या शेतकऱ्यापर्यंत पाणी पोहोचवा, आणि पाणी सोडण्याच्या तारखा ग्रामपंचायतीच्या फलकावर लावा. शहरांनी आपले वापरलेले पाणी शुद्ध करून कारखान्यांना द्यावे. धरणाचे पाणी तेवढे वाचेल.

जमिनीचेही तेच. तारापूरचे अणुवीज केंद्र १९६९ पासून देशाला वीज देऊ लागले. पुढे तिसऱ्या-चौथ्या संचासाठी अक्करपट्टी आणि पोफरण ही गावे उठली. बोईसर-तारापूरच्या औद्योगिक वसाहतीने हजारो हातांना काम दिले, हे कोणी नाकारत नाही. पण केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०१८ च्या निर्देशांकात हीच वसाहत देशातल्या सर्वाधिक प्रदूषित औद्योगिक क्षेत्रांत अगदी वर होती. भोवतालच्या शेताने आणि विहिरीने त्याची किंमत मोजली, खाडीतल्या मासळीनेही मोजली. मालवाहू रेल्वे, बुलेट ट्रेन, मुंबई-वडोदरा महामार्ग यांच्या रेषा याच जिल्ह्यातून गेल्या. वाढवण बंदराला केंद्रीय मंत्रिमंडळाने १९ जून २०२४ रोजी ७६,२२० कोटी रुपयांची मंजुरी दिली. ज्या पापलेटला २०२३ मध्ये राज्यमासा म्हणून मान मिळाला, ते पकडणारा सातपाटीपासून डहाणूपर्यंतचा मच्छीमार याच किनाऱ्यावर राहतो. त्याची मासळी हेही जिल्ह्याचे अन्नच आहे.

प्रत्येक प्रकल्पाच्या वेळी नोकऱ्या किती, पैसा किती, रस्ते किती याचा तक्ता येतो. किती हेक्टर भात गेले, किती क्विंटल धान्य कमी झाले, किती जाळी रिकामी झाली याचा तक्ता मात्र येत नाही. तो मागितला पाहिजे. तिसरी अनुसूची हातात घेऊनच मागितला पाहिजे.

आता करायचे काय?

सरकारने काय करावे हे सांगून झाले. पण सर्व काही मंत्रालयातून होत नाही. आपल्या जिल्ह्याचा मोठा भाग अनुसूचित क्षेत्रात आहे आणि १९९६ च्या पेसा कायद्याने तिथल्या ग्रामसभेला बळ दिले आहे. २०१५ मध्ये राज्याने आदिवासी उपयोजनेच्या निधीतील ५ टक्के रक्कम थेट पेसा ग्रामपंचायतींना देण्याचे ठरवले आणि गावच्या पायाभूत सुविधा हा त्या खर्चाचा एक मान्य हेतू आहे. गावोगाव त्यातून पेव्हर ब्लॉक बसले. पेव्हर ब्लॉकवर भात वाळते हे खरे, पण साठत नाही. दोन-तीन ग्रामपंचायतींनी मिळून एक कोरडे, उंच जोत्याचे गोदाम बांधले तर पहिल्या दिवसापासून आविका संस्थेला माल ठेवायला जागा होईल आणि ताडपत्रीखाली भात कुजणार नाही. तारापूरच्या कारखान्यांवर २०१३ च्या कंपनी कायद्याने सामाजिक खर्चाची जबाबदारी टाकली आहे. वह्या-दप्तरे वाटली, छान झाले. आता एखादे गोदाम, एखादी लहान गिरणी द्या म्हणावे. आपल्या उपाहारगृहांना लागणारा तांदूळ आणि भाजी भोवतालच्या गावांतून घ्या म्हणावे.

दुसरे काम धान्य बँकेचे. १९९६-९७ मध्ये केंद्राने आदिवासी भागासाठी ग्राम धान्य बँक योजना सुरू केली होती. पुढे कुटुंबामागे ४० किलोचा साठा धरला गेला. शंभर घरांच्या पाड्याला ४० क्विंटल. पावसाळ्यात ज्याला लागेल त्याने न्यावे, काढणीला परत करावे. पालेमोड, म्हणजे पावसाळ्यात पोटासाठी उसने घ्यायचे आणि काढणीला वाढवून फेडायचे, या फासातून माणूस सोडवणारा याहून साधा उपाय नाही. पूर्वी घरोघरी कणगी होती, तीच आता गावाची करायची. बचत गटांच्या बायकांच्या हाती ही कणगी दिली तर तिचा हिशेब चोख राहील, याविषयी आम्हाला शंका नाही.

तिसरे काम ग्रामसभेचे. १५ ऑगस्टच्या ग्रामसभेत चार ओळींचा ठराव करा. आमच्या गावात या खरिपात अंदाजे इतके भात आणि इतकी नागली विक्रीला निघेल. खरेदी केंद्र १ ऑक्टोबरला सुरू करा. वनपट्टेधारकांची नोंदणी करा. आणि आमच्या रेशन दुकानात, अंगणवाडीत आमच्याच तालुक्याचे धान्य द्या. ग्रामसेवकांनी तो ठराव तहसीलदार, तालुका कृषी अधिकारी आणि महामंडळाच्या कार्यालयाला पाठवावा, पोच घ्यावी. २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेत सरपंचांनी उत्तर वाचून दाखवावे. उत्तर आले नसेल तर तेही वाचून दाखवावे. एका गावाचा ठराव फायलीत जातो. शंभर गावांचे ठराव जिल्हाधिकाऱ्यांच्या टेबलावर पडले तर त्यांना बैठक बोलवावी लागते.

फुकट धान्याची मुदत पाच वर्षांची आहे. ती वाढेलही. पण ज्या जिल्ह्याचे भात शेतात राहिले नाही, नागली डोंगरावरून उतरली आणि पाणी नळातून दुसरीकडे गेले, त्या जिल्ह्याला पुढे सरकारच्या ट्रकची वाट पाहण्यावाचून काय उरेल? ट्रक वेळेवर येईल तोवर ठीक. एखाद्या पावसाळ्यात घाटात दरड कोसळली, रस्ता तुटला, तर पाड्यावरच्या पोराच्या ताटात त्या दिवशी जे पडेल ते गावच्या कणगीतूनच पडेल. ती कणगी भरून ठेवण्याची तयारी याच खरिपापासून सुरू व्हावी.